दीपगृहावरचा तो

पुस्तक परतीच्या फटीत निम्मं गेलं आणि अडकलं. गोविंदरावांनी आजूबाजूला पाहिलं. लायब्ररीच्या दाराशी त्या वेळी कोणी नव्हतं, फक्त पलीकडच्या फुटपाथवर एक बाई कुत्र्याला घेऊन वाऱ्याशी झगडत चालली होती. नातीची पातळ पुस्तकं एकामागून एक सुळकन आत गेली होती. हे मात्र जाडजूड, मोठ्या टायपातलं, हटून बसलं होतं. त्यांनी ते बाहेर ओढलं, आडवं धरलं आणि तळहाताने जोर लावून पुन्हा आत ढकललं. आतल्या डब्यात ते धप्पकन पडलं.

"गेलास एकदाचा," ते पुटपुटले.

एका पुस्तकाला, तेही इंग्रजी, त्यांनी हे असं पुरुषासारखं का संबोधलं, हे त्यांना कोणी विचारलं असतं तर ते चिडले असते. पण खरं ते खरं. डब्यात पडलं होतं ते पुस्तक नव्हतंच. तो होता.

घरातले वाचक म्हणजे गोविंदराव, हे लग्नापासून ठरून गेलेलं होतं. वीज मंडळात नोकरीला असताना त्यांनी कोथरूडच्या दोन खोल्यांत चरित्रं आणि इतिहासाची पुस्तकं पार छतापर्यंत रचली होती. रविवारी सकाळी ते मोठ्याने वाचायचे आणि मालतीबाई समोर बसून गवार मोडायच्या. मधूनमधून "हं" म्हणायच्या. त्या "हं"वर गोविंदरावांचा संसार छान चालला होता. मालतीला एखाद्या पुस्तकाबद्दल काय वाटलं, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. वाटायचं ते त्यांना वाटलेलं असे आणि ते तिला सांगून झालेलं असे.

न्यूझीलंडमध्ये जॉन्सनव्हिलला मुलीकडे राहायला आल्यावर मात्र सगळं बिनसलं. प्रणिता सकाळी ट्रेनने ऑफिसला जायची, जावई त्याच्या कामावर, नात ईरा शाळेत. आई दिवसभर घरात बसून कंटाळेल म्हणून प्रणिताने तिला लायब्ररीतल्या गुरुवारच्या वाचनगटात नेऊन बसवलं. तिथे सगळ्या न्यूझीलंडच्याच म्हाताऱ्या बायका, गट चालवणारी ट्रिश नावाची लायब्रेरियन आणि एकच मराठी माणूस, डोंबिवलीचे शिरीष टिळेकर. त्यांची बायको गेली होती आणि ते मुलाकडे राहत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मालतीबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, हे कळल्यावर या टिळेकरांनीच त्यांना मोठ्या टायपाचं कपाट दाखवलं आणि हे पुस्तक हातात दिलं. गोविंदरावांच्या मते सगळ्याचं मूळ तिथे होतं.

गोष्ट अशी होती, म्हणजे गोविंदरावांना कळली तेवढी अशी होती, की दक्षिणेकडच्या कुठल्याशा किनाऱ्यावर दीपगृहाच्या शेजारी एक बाई राहते. तिचा नवरा बोट बुडून मेलेला. एका संध्याकाळी तो ओलाचिंब होऊन दारात उभा राहतो आणि स्वयंपाकघरात येऊन बसतो. मग रोज येतो.

"म्हणजे भुताखेताचं पुस्तक," गोविंदराव म्हणाले होते. "ह्या वयात हे काय काढलंस?"

"भूत नाहीये तो."

"मेलेला माणूस घरी येतो, त्याला काय म्हणतात मग?"

"येऊन बसतो नुसता. तिचं ऐकतो. आणि अहो, त्याची एक अट आहे बरं का, ती अशी की..."

"भुतांच्या कसल्या अटी! त्यापेक्षा हे ऐक, आजच्या लेखात काय लिहिलंय," असं म्हणून त्यांनी टॅबलेटवरचं पुण्याचं वर्तमानपत्र उघडलं होतं. मालतीबाईंनी अट सांगितली नाही. पुढेही कधी सांगितली नाही. बोट ओळीखाली सरकवत, शब्द अडला की फोनमध्ये बघत त्या वाचत राहिल्या.

तिथून गोविंदरावांचं दुखणं सुरू झालं. मालतीबाई वाचता वाचता हसायच्या. दूध उतू गेलं तरी मान वर करायच्या नाहीत. भाजी चिरताना मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत बसायच्या, आणि त्या बघण्यात गोविंदराव कुठेही नाहीत हे गोविंदरावांना स्पष्ट दिसायचं. एकदा दुपारी ते चहा मागायला गेले तर ही बाई पुस्तक मांडीवर ठेवून पदराने डोळे पुसत होती. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पुण्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ही रडली नव्हती. थर्मासमध्ये पेज घेऊन आली होती आणि नर्सला चादर बदलायला सांगितली होती. आणि इथे समुद्रात बुडालेल्या, छापलेल्या, मुळात नसलेल्या एका गोऱ्या माणसासाठी पदर ओला!

बाईच्या वाट्याला सवत आली तर तिला निदान तसं म्हणता तरी येतं. शेजारपाजार हळहळतो. गोविंदरावांची अवस्था कोणाला सांगण्यासारखीही नव्हती. एकाहत्तराव्या वर्षी आपण एका भुतावर जळतोय, हे प्रणिताला सांगायचं की जावयाला?

म्हणून त्या सकाळी नातीची पुस्तकं परत करायला निघताना त्यांनी हेही पिशवीत घातलं होतं.

"अहो, माझं पुस्तक पाहिलंत?" ते घरी आल्यावर मालतीबाईंनी विचारलं.

"इथेच कुठेतरी असेल."

संध्याकाळी प्रणिताच्या फोनवर लायब्ररीचा मेसेज आला. कार्ड तिच्या नावावर होतं.

"आई, तुझं ते लाइटहाऊसचं बुक रिटर्न झालंय. आणि त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा तरी होल्ड होता, म्हणजे पुढचा नंबर, सो आता वाट बघावी लागेल. लार्ज प्रिंटची एकच कॉपी आहे गं."

"ईराच्या पुस्तकांबरोबर चुकून गेलं असेल," गोविंदराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा मोठाच निघाला.

मालतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"असेल," त्या म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला वळल्या.

त्यानंतरचे दिवस म्हणजे गोविंदरावांच्या मनासारखे दिवस. चहा वेळेवर, दूध पातेल्यात. ते वर्तमानपत्र वाचायचे आणि मालतीबाई समोर बसून ऐकायच्या. "हं," म्हणायच्या. पूर्वीसारखंच सगळं परत मिळालं होतं, आणि तरी काहीतरी चुकत होतं. एकदा त्यांनी मुद्दाम एकच परिच्छेद दोनदा वाचला. मालतीबाई दोन्ही वेळा त्याच ठिकाणी "हं" म्हणाल्या. गोविंदरावांनी टॅबलेट बंद केला. हे "हं" आधीही असंच पोकळ होतं की काय, ही शंका त्यांच्या मनात शिरली आणि ती काही केल्या निघेना.

मग फोन आला. मालतीबाई लाकडी डेकवर कपडे वाळत घालत होत्या. फोन खांद्याशी धरून त्या बोलत होत्या आणि वाऱ्याने फडफडणाऱ्या चादरीआडून त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"हो का? तुम्हालाच आलं का ते? मग वाचा की... नाही हो, राग कसला... फक्त पुढचं मला सांगू नका हं. नाही, नाही, तो तसा नाहीये. तुम्ही वाचाल तेव्हा कळेल तुम्हाला."

"कोण गं?" त्या आत आल्यावर गोविंदरावांनी विचारलं.

"शिरीषभाऊ. पुस्तक त्यांच्याकडे गेलंय."

म्हणजे झालं ते असं झालं. इतके दिवस घरात एक भूत होतं, ते गोविंदरावांनी स्वतःच्या हाताने एका जिवंत माणसाच्या घरी पोचतं केलं. आता ते दोघं फोनवर त्याच्याबद्दल बोलणार, हसणार. गोविंदरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालतीबाई आंघोळीला गेल्याचं पाहून त्यांनी जाकीट चढवलं आणि ते टेकडीवरच्या टिळेकरांच्या घराकडे निघाले. पुस्तक परत मागायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. हे दोघं एकाच पुस्तकात बसलेत हे त्यांना सहन होत नव्हतं, बस. घर उंचावर होतं, पायऱ्या निसरड्या होत्या. दारापाशी पोचेपर्यंत त्यांना दम लागला आणि त्यामुळे रागाचा अर्धा भाग खालीच राहिला.

"अरे वा, या या, गोविंदराव!" टिळेकरांनी दार उघडलं. उंच, किडकिडीत माणूस. अंगात मुलाचा असावा असा हुडी. "असू द्या, बूट असू द्या. वहिनी बऱ्या आहेत ना?"

"उत्तम आहेत."

हीटर लावलेली खोली होती. खुर्चीच्या हातावर ते पुस्तक ठेवलेलं होतं आणि त्यातून एक काळा आकडा डोकावत होता. मालतीबाईंच्या केसांतला. परक्या माणसाच्या खुर्चीवर आपल्या बायकोचा आकडा पाहून गोविंदराव तिथेच थबकले.

"तो वहिनींचा आकडा," टिळेकर त्यांची नजर पाहून म्हणाले. "खुणेला घातलेला तसाच आला. मी तिथेच थांबलोय. पुढे गेलो नाही."

"का?"

"त्यांच्यानंतर वाचावं म्हटलं. गुरुवारी त्या बोलतात ना, ते ऐकून मग वाचलं की जास्त मजा येते. बाकीच्या बायका स्टोरी कशी आहे, भाषा कशी आहे, असलं काय काय बोलतात. वहिनींचं तसं नसतं."

"काय बोलते ती?" गोविंदरावांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या बायकोला काय वाटतं, ते डोंबिवलीच्या माणसाला विचारायची वेळ आली होती.

"म्हणजे? तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

टिळेकरांनी दोन कपांत कॉफी ओतली आणि समोर येऊन बसले.

"ती अट माहितीये ना तुम्हाला? गोष्टीतली?"

"नाही."

"तो नवरा रोज येऊन बसू शकतो, पण एकच अट. त्या घरात त्याचं नाव कोणी उच्चारायचं नाही. नाव तोंडातून निघालं की तो गेला, कायमचा. तर त्या दिवशी ट्रिशने सगळ्यांना विचारलं, की तुम्हाला जमलं असतं का? त्या सगळ्या म्हणाल्या, छे, अशक्य, संध्याकाळ व्हायच्या आत नाव निघून जाईल. मीही तेच म्हणालो. आणि वहिनी म्हणाल्या..." टिळेकर थांबले. "इंग्रजीतच म्हणाल्या, हळूहळू. यात अवघड काय आहे, म्हणाल्या. मी लग्न झाल्यापासून माझ्या मिस्टरांचं नाव घेतलेलं नाही. ह्या बाईच्या जागी मी असते तर त्यांना जन्मभर ठेवून घेतलं असतं."

बाहेर वाऱ्याने कचऱ्याचा रिकामा डबा आडवा पाडला. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"ट्रिशने चष्मा काढून पुसला. त्यातली एक म्हणाली, मग काय नाव आहे तुमच्या मिस्टरांचं? वहिनी हसायला लागल्या. सांगेचनात. म्हणाल्या, मिस्टर टिळेकरांना विचारा." टिळेकरही हसले. "मग मी सांगितलं. गोविंद, म्हटलं."

गोविंदरावांनी कॉफीचा घोट घेतला. ती फार गरम होती, पण त्यांनी ती तशीच गिळली. त्यांना अँजिओप्लास्टीच्या वेळची ती काउंटरवरची मुलगी आठवली. पेशंटचं नाव काय, असं तिने विचारलं आणि मालती नुसती बघत राहिली. शेवटी तिने पर्समधून त्यांचं आधार कार्ड काढून पुढे केलं. हा किस्सा गोविंदरावांनी नंतर साऱ्या नातेवाइकांना रंगवून सांगितला होता. सगळे पोट धरून हसले होते. मालतीही हसली होती.

"मी तर श्यामलाला दिवसभर हाका मारायचो," टिळेकर म्हणाले. "श्यामला, चष्मा कुठाय. श्यामला, पंखा बंद कर. सवयच होती. अजूनही तोंडातून निघतं कधीकधी. माझ्याकडे ती एक दिवससुद्धा टिकली नसती हो." त्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू का, त्या दिवशी मला तुमचा फार हेवा वाटला. घरी आल्यावरही वाटत होता."

गोविंदरावांना यावर आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण त्या आनंदालाही मत्सराची कड होतीच. ही गोष्ट मालतीने आधी ट्रिशला सांगितली. त्या सात-आठ अनोळखी बायकांना सांगितली, ह्या हुडीतल्या माणसाला सांगितली. ज्याच्याबद्दल होती त्याला ती सगळ्यांच्या शेवटी, दुसऱ्याच्या तोंडून मिळाली. आणि तिने सांगायला सुरुवात केली होती तेव्हा आपण काय करत होतो, तेही त्यांना चांगलं आठवत होतं.

"पुस्तक घेऊन जाऊ का?" त्यांनी विचारलं.

"घेऊन जा की. त्यांचंच आहे ते. नातीच्या पुस्तकांत चुकून गेलं ना? वहिनी म्हणाल्या मला, यांच्या लक्षात आलं नसेल."

गोविंदरावांनी जाकिटाची चेन उघडली. पुस्तक जाकिटाच्या आत छातीशी धरून ते जपून पायऱ्या उतरले.

घरी मालतीबाई डायनिंग टेबलाशी सिल्व्हरबीटची पानं निवडत बसल्या होत्या. इथे अळू मिळत नाही म्हणून ह्या पालेभाजीचीच पातळभाजी त्या करत. गोविंदरावांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"टिळेकरांकडून आणलं."

"त्यांचं झालं वाचून?"

"नाही. तुझं झालं की मग वाचणार म्हणाले."

मालतीबाईंनी हात पुसले, पुस्तक उघडलं, आकडा जागेवर आहे हे पाहिलं आणि ते मिटून बाजूला ठेवलं. पुन्हा पानं निवडायला लागल्या. गोविंदराव उभेच होते.

"मुद्दाम टाकलं होतं मी ते."

"माहितीये मला."

"कसं?"

"ईराची पुस्तकं खाली कोचावर होती. हे माझ्या उशाखाली होतं. उशाखालचं पुस्तक चुकून कसं जाईल?"

गोविंदराव खुर्ची ओढून बसले. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?" मालतीबाईंनी एक जून पान बाजूला टाकलं. "तुम्हाला भुताचा राग आलाय का, असं विचारू?"

"आला होता," गोविंदराव म्हणाले. "अजून आहे."

मालतीबाईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं, हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या त्या मुलीकडे पाहिलं होतं तसं. टिळेकर काय बोलले, हे गोविंदरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते दुसऱ्याच्या घरी मिळालेलं होतं, त्यांना ते इथे काढून दाखवावंसं वाटेना. त्यांनी जुडी स्वतःकडे ओढली.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्याने वाच. मराठीत सांग."

"तुम्हाला दुसऱ्याने वाचलेलं ऐकवत नाही."

"वाच गं तू."

"मध्येच लेख बिख काढाल."

"नाही काढणार."

"आणि ती पानं अशी नका फाडू, दांडी वेगळी काढा."

त्यांनी दांडी वेगळी काढली. मालतीबाईंनी चष्मा लावला, आकडा काढून केसांत खोचला आणि बोट ओळीखाली ठेवलं. सुरुवातीला त्या अडखळल्या. एक वाक्य मनात वाचायच्या, थोडं थांबायच्या आणि मग मराठीत सांगायच्या. बाहेर जोराचा पाऊस आहे. दिव्याचा झोत खिडकीवरून फिरून जातो. तो आलाय, नेहमीच्या खुर्चीत बसलाय, त्याच्या बाह्यांतून पाणी गळतंय. ती चुलीपाशी पाठमोरी उभी आहे, त्याच्यासाठी सूप गरम करतेय. हळूहळू आवाज मोकळा झाला. हा आवाज गोविंदरावांनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. कोणाला काही वाढायचं नसताना, कशाची आठवण करून द्यायची नसताना, ही बाई अशी बोलत असेल हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या वाचत होत्या आणि मध्येच थांबून स्वतःचंही काही सांगत होत्या, की बघा, ही इथे वेडेपणा करते, हिने दार लावून घ्यायला हवं होतं. गोविंदरावांच्या हातातली दांडी तशीच राहिली. दर गुरुवारी हे असं तिथे चालत होतं तर. त्यांना त्या बायकांचा नव्याने राग आला.

"मग ती वळते," मालतीबाई म्हणाल्या. "आणि त्याला म्हणते, अहो, गारठलात ना? इकडे विस्तवाजवळ या."

"अं?" गोविंदरावांनी मान वर केली आणि खुर्ची मागे सारून ते अर्धवट उठलेही.

मालतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या. "त्याला."